किती जवळ? : लेन्सच्या निवडीविषयी

लेन्स कोणती घ्यावी हा प्रश्न कॅमेरा बाळगणारी माणसे एकमेकांना विचारतात, तेव्हा तो बहुधा पैशांचा नाहीतर कंपनीचा प्रश्न असतो. अमुक कंपनीची काच अधिक धारदार, तमुक कंपनीची अधिक मऊ, अशी चर्चा तासन्‌तास चालते. या चर्चेला माझा आक्षेप नाही. मीही तिच्यात पुष्कळ रमलो आहे. परंतु गेली काही वर्षे फिल्मच्या कॅमेऱ्याने अगदी जवळून छायाचित्रे घेताना हा प्रश्न मला निराळ्या रूपात भेटू लागला. ज्या वस्तूकडे पाहायचे तिच्यापासून आपण किती अंतरावर राहणार, आणि त्या अंतरावरून काय दिसणार व काय हातचे जाणार, हे लेन्स ठरवते. संहितेच्या निकट वाचनाविषयी आपण वर्गात जे बोलतो, त्याची एक खडबडीत, हातात धरता येणारी आवृत्ती मला या उद्योगात सापडली. साहित्याच्या वाचकांसमोर लेन्सविषयी लिहिण्याचे धाडस त्याच कारणाने करीत आहे.

माझे विषय दोनच. पहिला म्हणजे आजोळहून आलेल्या एका रुमालातले मोडी कागद. दुसरा म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस पन्हाळा, मसाई पठार, राधानगरी या बाजूला उमलणारी लहान लहान फुले. एक विषय सपाट, कोरडा आणि निश्चल. दुसरा उभा, ओला आणि वाऱ्यावर हलणारा. दोहोंसाठी कॅमेरा एकच आहे, जुना, यांत्रिक, ३५ मिलिमीटर फिल्मचा. परंतु एका विषयासाठी योग्य ठरलेली लेन्स दुसऱ्यासाठी अयोग्य ठरते, आणि ती का ठरते हे समजून घेताना प्रत्येक विषयाचा स्वभावही थोडा अधिक कळतो.

कोल्हापुरात बसून कॅमेऱ्याविषयी लिहायचे तर बाबूराव पेंटरांचे नाव टाळता येत नाही, आणि टाळण्याचे कारणही नाही. १८९० साली जन्मलेले बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव हे मुळात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे चित्रकार. दादासाहेब फाळक्यांचा चित्रपट पाहून त्यांना चलच्चित्रांचा ध्यास लागला आणि कॅमेरा आपणच तयार करावा असे त्यांनी मनावर घेतले. १९१६ साली आनंदराव गेले. विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने बाबूरावांनी ते काम तडीस नेले आणि त्या घरच्या कॅमेऱ्यातून पुढे १९२० सालचा ‘सैरंध्री’ निघाला. खरी कॉर्नरजवळचा कॅमेऱ्याचा मानस्तंभ हे त्याचेच स्मारक. त्याच्या शेजारून आपण रोज दुचाकी हाकीत जातो आणि दगडाचा कॅमेरा असलेल्या गावात राहतो याचे आपल्याला काही वाटत नाही.

मला त्या कथेतला लेथचा भाग महत्त्वाचा वाटतो. कॅमेऱ्याची पेटी, दातेरी चक्रे, फिल्म पुढे सरकवणारी यंत्रणा ही धातूची कामे आहेत. कसबी हात आणि लेथ असेल तर ती गावात होतात. कोल्हापूरच्या हाताला हे कसब पुढेही राहिले. शिवाजी उद्यमनगरात तेलाच्या इंजिनांचे भाग कातणाऱ्या लेथवर माझी एक रिंगसुद्धा कातून मिळाली आहे. लेन्स उलटी बसवण्यासाठी लागणारी ही रिंग. एका बाजूला कॅमेऱ्याचा खाचेचा जोड, दुसऱ्या बाजूला लेन्सच्या पुढच्या कडेचे बारीक आटे. लेथवरच्या टर्नरने ती हातात फिरवून विचारले, “ही कुठल्या मशीनची?” कॅमेऱ्याची म्हटल्यावर त्याने ती पुन्हा लेथवर चढवून कडेची धार मारली. पितळेची ती रिंग आजही माझ्या पिशवीत आहे. काचेचे मात्र तसे नाही. भिंगाचा वक्र आणि दोन भिंगांमधले अंतर यांना लागणारी अचूकता वेगळ्या जातीची असते. तेव्हा धातूचे शक्य तितके गावात करून घ्यावे आणि पैसे काचेवर खर्च करावेत, हा निवडीचा पहिला नियम मी या शहराकडून शिकलो.

काचेकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जवळून चित्रे घेण्याच्या लेन्सला आपण मॅक्रो लेन्स म्हणतो, आणि तिचा संबंध फुलांशी व किड्यांशी जोडतो. परंतु या कुळातली एक प्रसिद्ध लेन्स अक्षरांसाठी जन्मली. निकॉन कंपनीने १९५६ साली ५ सेंटिमीटर, एफ ३.५ अशी एक लेन्स काढली आणि तिला मायक्रो-निक्कोर हे नाव दिले. छापील मजकुराच्या मायक्रोफिल्म करणे हा तिचा उद्देश होता. रोमन लिपीच्या मजकुरासाठी पुरेशी ठरणारी लेन्स जपानी मजकुरासाठी पुरेना, कारण कांजी अक्षरात अनेक रेघा दाटीने बसतात आणि लहान करताना त्या एकमेकींत मिसळतात. म्हणजे एका लिपीच्या गुंतागुंतीने एका लेन्सला जन्म दिला. मोडी वाचणाऱ्याला यात आपलेपणा वाटावा. मोडीत दाटीपेक्षा धावतेपणाची अडचण असते. लेखणी न उचलता लिहिण्याच्या ओघात अक्षरे एकमेकांचे रूप घेतात, आणि वाचकाला रेघ कोठे सुरू झाली, कोठे वळली हे पाहावे लागते.

आता थोडे गणित, पण ते घाबरण्याजोगे नाही. ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. तेवढ्याच आकाराची वस्तू चौकट पूर्ण भरते तेव्हा प्रमाण एकास एक, म्हणजे वस्तू फिल्मवर मूळ आकाराची उमटते. वस्तू निम्म्या आकाराची उमटली तर प्रमाण एकास दोन, आणि चौकटीत ४८ बाय ७२ मिलिमीटरचा प्रदेश मावतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी ५० मिलिमीटरची साधी लेन्स एकास सात-आठच्या पलीकडे सहसा जात नाही. तिला अधिक जवळ न्यायचे तर ती फिल्मपासून दूर सरकवावी लागते. किती दूर, याचे सूत्र सोपे आहे : हवे ते प्रमाण गुणिले लेन्सचे नाभीय अंतर. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एकास दोनसाठी २५ मिलिमीटर, एकास एकसाठी ५० मिलिमीटर. हे अंतर वाढवण्यासाठी कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये ज्या पोकळ नळ्या बसवतात त्या एक्स्टेन्शन ट्यूब. त्यांच्यात काच नसते, म्हणून त्या स्वस्त असतात आणि लेन्सच्या मूळ गुणात भेसळ करीत नाहीत. नळ्यांच्या ऐवजी लोहाराच्या भात्यासारखा घडीचा बेलोही मिळतो. तो हवा तितका ताणता येतो, पण पठारावर वाऱ्यात तो निरुपयोगी.

दुसरा मार्ग क्लोज-अप भिंगांचा. ही भिंगे फिल्टरसारखी लेन्सच्या पुढे फिरवून बसवायची. चाळिशीच्या चष्म्याचेच हे तत्त्व. दोन नंबरचे भिंग लावून लेन्स अनंतावर ठेवली तर ५० सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. एकेरी काचेच्या स्वस्त भिंगात कडा धूसर येतात. दोन काचा चिकटवून केलेले भिंग महाग, पण कितीतरी बरे. या मार्गात प्रकाश घटत नाही हा त्याचा मोठा गुण. तिसरा मार्ग लेन्स उलटी लावण्याचा, ज्यासाठी माझी पितळी रिंग आहे. २८ मिलिमीटरची लेन्स उलटी लावली तर वस्तू मूळ आकाराच्या दुपटीहून मोठी उमटते. तिच्यावर छिद्र लहानमोठे करण्याचे कडे असले पाहिजे एवढी अट. चौथा मार्ग खऱ्याखुऱ्या मॅक्रो लेन्सचा, ज्यात हे सारे आतच सामावलेले असते.

जवळ जाण्याची किंमत मात्र कोणत्याही मार्गाने चुकवावी लागते. नळ्या लावून एकास एकपर्यंत गेलो की फिल्मवर पोहोचणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. कड्यावर एफ १६ लिहिलेले असले तरी व्यवहारात ते एफ ३२ असते. कॅमेऱ्याच्या आतला प्रकाशमापक हे आपोआप जमेला धरतो, हातातला मापक धरीत नाही. याहून मोठी किंमत खोलीची आहे. वस्तूचा पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो, ती स्पष्टतेची खोली एकास एकला एफ १६ वर जेमतेम दोन मिलिमीटर असते. एफ ८ वर ती एक मिलिमीटर उरते. छिद्र आणखी लहान करून खोली वाढवावी म्हटले तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच चित्र किंचित मऊ होऊ लागते. म्हणजे एकास एकला पोहोचलेल्या माणसाला दोन मिलिमीटरचे सत्य हाती लागते. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे धुक्यात जाते. प्रमाण एकास दोन केले की हीच खोली पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास येते. निम्म्याने मागे सरलो तर खोली जवळजवळ तिप्पट होते. या एका आकड्याने माझ्या पुष्कळ निवडी ठरवल्या आहेत.

आता त्या रुमालाकडे येतो. त्यात एक बेदाव्याचा कागद आहे. एका विधवा बाईने जमिनीच्या आपल्या हिश्श्यावरचा दावा सोडल्याचे त्यात लिहिले आहे. मजकूर कारकुनाच्या हातचा. शेवटी बिकलम म्हणून त्याचे नाव, साक्षीदारांची नावे, आणि बाईच्या नावापुढे निशाणी बांगडी. लिहिता न येणारा कुणबी नांगर काढी, बाई बांगडी काढी. ही बाई माझ्या आईची खापरपणजी. तिच्याविषयी आजोळी दोन कथा चालत आल्या. एका कथेत तिने पुतण्यांच्या मायेपोटी राजीखुशीने हक्क सोडला. दुसऱ्या कथेत ती त्या दिवशी तेथे नव्हतीच. बांगडी दुसऱ्याच कुणी काढली. मी हे कागद छायाचित्रांसाठी मागून आणले तेव्हा मावशीने एकच गोष्ट विचारली, “तिनंच काढली होती काय रे ती बांगडी? बघ की तुझ्या त्या यंत्रातनं.”

या प्रश्नाने लेन्सची निवड माझ्यासाठी हौसेची राहिली नाही. कागद सपाट असतो, म्हणून खोलीची चिंता येथे कमी. पण त्याच कारणाने मधली आणि कडेची स्पष्टता सारखी असणारी लेन्स हवी. साधी लेन्स जवळ नेली की मध्यभागी अक्षरे कोरीव आणि कोपऱ्यांत विस्कटलेली येतात. क्लोज-अप भिंगाने हा दोष वाढतो. तेव्हा येथे नक्कल-कामासाठी घडवलेली मॅक्रो लेन्सच योग्य. तिचे नाभीय अंतर ५०-५५ मिलिमीटरचे असले तरी चालते, किंबहुना तेच सोयीचे. स्टँडवर कॅमेरा उलटा टांगून संपूर्ण पान घ्यायचे तर लांब लेन्सला छतापर्यंत जावे लागेल. जुन्या ५५ मिलिमीटरच्या मायक्रो-निक्कोरसारख्या लेन्स स्वतःहून एकास दोनपर्यंत जातात आणि एका नळीच्या आधाराने एकास एक गाठतात. एकच लेन्स पानही टिपते आणि पानातले एक अक्षरही, ही त्यांची खरी उपयुक्तता.

फिल्म मी मंद गतीची, कृष्णधवल निवडली. काजळाची शाई काळीच राहते आणि पिवळ्या फिल्टरने पिवळलेला कागद उजळतो, त्यामुळे अक्षर उठून दिसते. प्रकाशाचे मात्र दोन प्रयोग करावे लागतात. पान वाचण्यासाठी दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दोन सारखे दिवे. पण शाईचा थर, कागदाच्या सुरकुत्या, लेखणीचा दाब पाहायचा तर एकच दिवा, कागदाला जवळजवळ समांतर असा आडवा. आडव्या प्रकाशात सपाट कागद एकदम जमिनीसारखा दिसू लागतो. त्यात चढउतार, बांध, पायवाटा दिसतात. कागद सपाट ठेवण्यासाठी वर काच दाबण्याचा मोह होतो, परंतु जुना कागद घडीवर मोडतो; त्यापेक्षा कडेला हलकी वजने ठेवावीत.

ती बांगडी सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाची आहे. एकास एकला ती चौकटीत नेमकी बसली. फिल्म धुऊन, वाळवून, मोठी करून पाहिली तेव्हा जे दिसले ते असे. कारकुनाच्या अक्षरांत बोरूचा कोन कोठेही बदलत नाही. जाड आणि बारीक रेघांची चाल सर्वत्र सारखी आहे. बांगडीची रेघ तशी नाही. ती डावीकडे खाली सुरू होते, तेथे शाईचे तळे साचले आहे, म्हणजे लेखणी टेकून कोणीतरी थांबले होते. मग रेघ वर जाते, अर्ध्यावर तिची जाडी भलत्याच ठिकाणी बदलते, बोरू बोटांत फिरल्यावर बदलावी तशी. शेवटी दोन टोके एकमेकांना चुकतात आणि जोडण्यासाठी एक लहानशी रेघ पुन्हा ओढलेली आहे. रोज लिहिणाऱ्याचा हा हात नव्हे.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर ती निकट वाचनाची अर्धी गोष्ट झाली असती. एकास एकच्या चौकटीत बांगडी होती, बाईचे नाव नव्हते. संपूर्ण पानाचे एकास दहाचे चित्र शेजारी ठेवले तेव्हा दिसले की कारकुनाने निशाणीसाठी ओळीत जागा सोडली होती, आणि काढणाऱ्याला ती जागा पुरली नाही. बांगडी पुढच्या अक्षरावर चढली आहे. आडव्या प्रकाशात छेदाच्या जागी बांगडीची शाई अक्षराच्या शाईवर बसलेली दिसते. म्हणजे मजकूर आधी पूर्ण झाला, मग लेखणी दुसऱ्या कोणाच्या हाती गेली. मजकूर त्या हाताला वाचता येत होता का, हे कोणतीही लेन्स सांगणार नाही.

मावशीला मी दोन्ही चित्रे दाखवली आणि म्हणालो, “बांगडी कारकुनाची नाही. लिहायची सवय नसलेल्या कुणाची तरी आहे. तुमच्या पणजीचीच आहे, असं मात्र म्हणता येत नाही.” मावशी बराच वेळ त्या शाईच्या तळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हितं थांबली बघ ती.” मी काही बोललो नाही. चित्राने जे सिद्ध केले नव्हते ते मावशीने वाचले होते. आणि तसे वाचण्याचा तिचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा होता.

पठारावरची गोष्ट अगदी निराळी. तेथे कागदासाठी वाखाणलेली लेन्स अडचणीची ठरते. साध्या हिशेबाने एकास दोनला वस्तू लेन्सच्या मध्यापासून नाभीय अंतराच्या तिप्पट दूर असते : ५० मिलिमीटरच्या लेन्सला १५ सेंटिमीटर, १०० मिलिमीटरच्या लेन्सला ३० सेंटिमीटर, २०० मिलिमीटरच्या लेन्सला ६० सेंटिमीटर. प्रमाण तेच, फूल तेवढेच मोठे. परंतु पहिल्या अंतरावर कॅमेऱ्याची सावली फुलावर पडते, आणि तिपाईचा एक पाय कोठेतरी दुसऱ्या रोपावर पडतो. सप्टेंबरात पठारावर पाऊल टाकायलाही जागा नसते. सीतेची आसवे, गेंद, कवला, मध्येच एखाद्या ओल्या खडकाच्या कडेला चिकट थेंब मिरवणारी दवबिंदू. म्हणून फुलांसाठी १०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स घ्यावी असे मी सांगतो. २०० मिलिमीटरची आणखी दूर ठेवते, पण ती जड, महाग आणि वाऱ्यात थरथरणारी.

कंदीलपुष्पाचे, म्हणजे खरचुडीच्या कुळातल्या सेरोपेजियाचे उदाहरण घेऊ. सह्याद्रीत या कुळातल्या अनेक जाती आढळतात. काही फार थोड्या जागी उरल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव यांनी या वनस्पतींचा अभ्यास आणि जतन यांसाठी दीर्घकाळ काम केले, आणि विद्यापीठाच्या उद्यानात त्या जोपासल्या गेल्या. फुलाची रचना विलक्षण आहे. खाली फुगीर नळी, वर पाकळ्यांची टोके जुळून झालेला कंदील. आत शिरलेल्या बारीक माशीला नळीतले खाली वळलेले केस बाहेर पडू देत नाहीत. फूल सुकू लागले, केस मलूल झाले की ती परागांचे ओझे घेऊन सुटते. पुस्तकात हे वाचलेले असले की साहजिकच ते केसच टिपावेसे वाटतात. त्यासाठी एकास एक, कदाचित त्याहून जवळ जावे लागेल, आणि नळीच्या आतले दाखवायचे तर फूल चिरावे लागेल. अभ्यासकाला ते कधीतरी, परवानगीने करावे लागते. मला त्याची गरज नाही. कित्येक जातींचे फूल काही सेंटिमीटर लांबीचे असते, ते एकास दोनच्या चौकटीत सुखाने बसते. तेथे मिळणारे पावणेसहा मिलिमीटर नळीच्या कडेपासून कंदिलाच्या टोकापर्यंत पुरतात, फूल बाजूने घेतले तर.

येथे आणखी एक मोह असतो. फुलाच्या पुढे-मागे गवताची पाती येतात आणि चित्रात ती उजळ पट्ट्यांसारखी दिसतात. छायाचित्रकारांच्या बोलीत ती उपटण्याला बागकाम म्हणतात. परंतु कित्येक सेरोपेजिया वेलीसारख्या चढतात आणि ते गवतच त्यांचा आधार असते. शिवाय गवत उपटलेली जागा पुढच्या माणसाला वाट दाखवते, आणि खरचुडीचे कंद खाणारेही असतात. पात बाजूला करायची तर मी ती कपडे वाळत घालायच्या चिमट्याने क्षणभर धरून ठेवतो आणि मग सोडून देतो. लांब लेन्सचा येथे एक उपकार होतो : ती पार्श्वभूमीचा अगदी अरुंद तुकडा पाहते, त्यामुळे कॅमेरा दोन बोटे सरकवला तरी मागची नकोशी पात चौकटीबाहेर जाते. मात्र त्याच गुणामुळे ते फूल कोठे उगवले हे चित्रातून नाहीसे होते. काळोख्या हिरव्यावर तरंगणारे फूल देखणे असते आणि बेपत्ता असते. म्हणून प्रत्येक फुलाचे एक चित्र मी २८ मिलिमीटरच्या लेन्सने, गवत, कातळ आणि ढगांसकट घेतो. हे दुसरे चित्र कोणी वाखाणीत नाही, पण ते नसले तर पहिल्याला पत्ता नाही.

सामग्रीविषयी थोडक्यात. भरून आलेल्या आभाळाखाली ५० गतीच्या रंगीत फिल्मवर, एकास एकला, एफ १६ वर अर्धा सेकंद तरी उघडझाप लागते; तेव्हा तिपाई ही चैन नव्हे. तिचे पाय जमिनीलगत पसरणारे असावेत. तेही जमले नाही तर कापडी पिशवीत हरभरे भरून तिच्यावर कॅमेरा टेकवावा. पावसात पिशवी भिजली तर घरी उसळ होते. केबल रिलीज हवीच, आणि जमल्यास आरसा आधी वर उचलून ठेवण्याची सोय असलेला कॅमेरा. चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा सावलीत प्रकाश टाकतो. एक छत्री पावसापेक्षा वाऱ्याला अधिक अडवते. कॅमेऱ्यावर लावायचा कडे-फ्लॅश मी वापरीत नाही. त्याचा प्रकाश समोरून येतो, सावल्या पुसतो, आणि सावली पुसली की दवबिंदूचा थेंब गोल दिसत नाही.

आणि कोल्हापुरात राहणाऱ्याने एक वस्तू लेन्सच्या आधी विकत घ्यावी : झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेल. आपला पावसाळा लांबतो, हवा ओली राहते आणि लेन्सच्या आत बुरशीचे जाळे पसरते. ते काचेवरचा लेप खाते. पुसून जात नाही. चामड्याची पेटी दिसायला राजस, पण चामडे ओल धरून ठेवते. निळे जेल गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरता येते. जुनी लेन्स घेताना छिद्र पूर्ण उघडावे, एका बाजूने बॅटरीचा उजेड टाकावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर किमतीचा विचारही करू नये.

आता शेवटचा आक्षेप. हे सारे फिल्मवर का? डिजिटल कॅमेऱ्यात एकाच फुलाची वीस चित्रे थोडी थोडी पुढे सरकवून घेता येतात आणि ती संगणकात रचून पूर्ण फूल धारदार करता येते. दोन मिलिमीटरची अडचण तेथे उरत नाही. हे खरे आहे, आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मी तोच मार्ग सुचवीन. फिल्म महाग झाली आहे. कोडाक्रोमसारखी फिल्म २००९ साली बंद झाली, एक्टाक्रोम २०१२ मध्ये थांबून २०१८ मध्ये परतली, आणि रंगीत पारदर्शिका धुवायला बाहेरगावी पाठवावी लागते. तरीही ३६ चौकटींची मर्यादा मला उपयोगी पडते. चौकटी मोजक्या असल्या की काय सोडायचे ते आधी ठरवावे लागते. रचलेल्या चित्रात सगळेच स्पष्ट असते, त्यामुळे पाहणारा कोठे उभा होता हे कळत नाही. दोन मिलिमीटरचे चित्र आपली मर्यादा अंगावर वागवते. धूसर भाग सांगत असतो की येथवर मी पाहिले, पुढे पाहिलेले नाही.

अलीकडे मी एक सवय लावून घेतली आहे. प्रत्येक छापचित्राच्या मागे पेन्सिलीने दिनांकाबरोबर प्रमाणही लिहितो : १:१०, १:२, १:१. बांगडीच्या चित्रामागे १:१ आहे, आणि त्याच पाकिटात १:१० चे संपूर्ण पान. कोणी एक चित्र मागितले तर दोन्ही देतो. आपण एखाद्या कवितेतल्या एका क्रियापदावर चार पाने लिहितो, किंवा एका ओळीत साऱ्या कालखंडाचा निकाल लावतो. दोन्ही कामे आपल्या जागी आवश्यक आहेत. त्या लेखांच्या मागेही कोणीतरी पेन्सिलीने प्रमाण लिहून ठेवावे, असे तपासायच्या निबंधांचा गठ्ठा समोर घेऊन बसलो की पुष्कळदा वाटते.